टोटल लॉसची गाडी: घेणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी

कर्जत-खालापूर भागात जमिनीचा व्यवहार करायचा झाला, तर माणूस आधी सातबारा काढतो, फेरफार बघतो, बोजा आहे का ते विचारतो. तोच माणूस चार-पाच लाखांची जुनी गाडी घेताना मात्र रंगाची चमक, नवी सीट कव्हरं आणि किलोमीटरचा आकडा पाहून टोकन देऊन मोकळा होतो. गाडीलाही फेरफार असतो. ती कुठे ठोकली, कुठे बुडाली, विमा कंपनीने तिला कधी मोडीत काढलं, हा तो फेरफार. आपल्याकडे तो कोणत्याही एका कागदावर उतरत नाही, घेणाऱ्यालाच तो जमवावा लागतो. तो कसा जमवायचा आणि स्वतःची गाडी अपघातात किंवा पुरात गेली तर ती सोडताना काय सांभाळायचं, हे या लेखात सांगायचं आहे.

आपल्या भागाला हा विषय जवळचा आहे. एका बाजूला बोरघाट, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि २००२ पासून पूर्ण लांबीने सुरू असलेला द्रुतगती मार्ग. घाटात ठोकलेल्या गाड्या टोइंग करून खोपोली, खालापूर, पनवेलकडे उतरतात. दुसऱ्या बाजूला उल्हास आणि पाताळगंगा. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेला नाही. २०१९ च्या जुलैत उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांमध्येही पाणी शिरलं होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या कुठेतरी दुरुस्त होतात, रंगतात आणि परत विकायला येतात. गणपती, दसरा, दिवाळीच्या खरेदीत त्या चांगल्या गाड्यांमध्ये मिसळून जातात.

टोटल लॉस कधी ठरतो

गाडीचा संपूर्ण विमा, म्हणजे बोलीभाषेतला ‘फुल इन्शुरन्स’, असेल तर पॉलिसीवर एक रक्कम छापलेली असते: आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने त्या वर्षासाठी मानलेली गाडीची किंमत. गाडी जशी जुनी होते तशी ती उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून किंमत ठरवतात.

अपघातानंतर परवानाधारक सर्व्हेअर येतो, गॅरेजचं एस्टिमेट पाहतो. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरली जाते. म्हणजे गाडी दुरुस्त होणारच नाही असं नव्हे. तेवढा खर्च करणं कंपनीला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टोटल लॉस हा हिशेबाचा निकाल आहे. तो सुरक्षिततेचा दाखला नाही आणि धोक्याचाही नाही. सात-आठ वर्षांच्या छोट्या गाडीची आयडीव्ही दीड लाख असेल, तर बंपर, बॉनेट, दोन हेडलाइट, रेडिएटर आणि एक एअरबॅग एवढ्यावरच ती टोटल लॉस होऊ शकते. याउलट पंधरा लाखांच्या नव्या गाडीचा सांगाडा हलला तरी खर्च ७५ टक्क्यांच्या आत राहतो, ती दुरुस्त होते आणि कोणत्याही नोंदीत टोटल लॉस म्हणून येत नाही. म्हणून ‘टोटल लॉस होती का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘नेमकं काय मोडलं होतं?’ हे विचारावं लागतं.

मोडीचा माल कसा फिरतो

उदाहरण घेऊ. आयडीव्ही सहा लाख, दुरुस्तीचा अंदाज चार लाख ऐंशी हजार. मर्यादा साडेचार लाखांची, म्हणून टोटल लॉस. आता त्या मोडक्या गाडीची, म्हणजे सॅल्व्हेजची, किंमत काढली जाते. ऑनलाइन लिलावात किंवा सर्व्हेअरने बोलावलेल्या खरेदीदारांकडून बोली येते. समजा सर्वांत मोठी बोली एक लाख नव्वद हजार आली. मग दोन वाटा उरतात. एक, कंपनी सहा लाखांतून ठरलेली वजावट कापून बाकी रक्कम देते आणि मोडकी गाडी ताब्यात घेते. दुसरी, मालक गाडी स्वतःकडे ठेवतो आणि कंपनी मोडीची किंमत वजा करून सुमारे चार लाख दहा हजार देते. याला ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’ म्हणतात. व्यवहारात पुष्कळदा तिसरंच घडतं: कंपनी आपला वाटा देते आणि उरलेले एक लाख नव्वद हजार बोली लावणारा थेट मालकाच्या हातात ठेवून गाडी घेऊन जातो.

हा बोली लावणारा कोण असतो? कधी खरा भंगारवाला, जो गाडी फोडून इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, काचा सुट्या विकतो. कधी दुरुस्ती करून विकणारा गॅरेजवाला. दोन्ही धंदे चोख होऊ शकतात. पण मोडीला आरसीसह किंमत वेगळी येते आणि आरसी रद्द झाली असेल तर वेगळी. आरसी रद्द झालेल्या गाडीचे फक्त सुटे भाग विकता येतात. आरसी जिवंत असेल तर ती गाडी परत रस्त्यावर येऊ शकते, म्हणून बोली चढते. आणि काही लोकांना गाडी नकोच असते, त्यांना हवी असते फक्त आरसी आणि चेसिस नंबर. फसवणुकीची सगळी मुळं इथे आहेत.

आरसीवर शिक्का नाही

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्यांनी मोडीत काढलेल्या गाड्यांचे चार गट आहेत. ‘ए’ म्हणजे पूर्ण चिरडायची, एक नटसुद्धा परत वापरायचा नाही. ‘बी’ म्हणजे सुटे भाग वापरता येतील, पण सांगाडा चिरडायचा. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार लागलेला, नीट दुरुस्त करून रस्त्यावर आणता येईल. ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत, इतर नुकसान. हा गट गाडीची नंबरवरून माहिती काढताना खरेदीदाराला कळू शकतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकी हक्काच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’ असं नमूद होतं.

आपल्याकडे आरसीवर असा कोणताही गट छापलेला नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी करणाऱ्या आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. ही जबाबदारी मालकाची आहे. पण चेक हातात पडल्यावर आरटीओची फेरी कोण मारतो? आरसी तशीच जिवंत राहते, आणि मोबाइलवरच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडी ‘ॲक्टिव्ह’ दिसत राहते.

पनवेलचं प्रकरण

याचं ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या तालुक्यातलं आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पनवेल भागातल्या एका यार्डात उभ्या असलेल्या ४०० हून अधिक नव्या गाड्या पुरात बुडाल्या. उत्पादक कंपनीने त्या विकायच्या नाहीत असं ठरवून भंगारात काढल्या. फोडण्यासाठी म्हणून घेतलेल्या या गाड्या फोडल्याच गेल्या नाहीत. त्यांच्या चेसिस नंबरांत फेरफार झाला, परराज्यांत बनावट कागदांवर नोंदणी झाली आणि त्या ग्राहकांना विकल्या गेल्या. शिवाय त्या बीएस-४ गाड्या होत्या, ज्यांची नोंदणी १ एप्रिल २०२० नंतर बंद झाली होती. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी हे उघडकीला आणलं आणि दीडशेच्या आसपास गाड्या जप्त केल्या. जप्त झालेल्या गाड्यांसाठी पैसे मोजणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच होती. गाडीही गेली आणि पैसेही अडकले.

दुसरा प्रकार याहून वाईट. २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी एक टोळी पकडली. ती देशभरातून टोटल लॉस गाड्या घ्यायची, मोडकी गाडी फेकून द्यायची आणि तिचा चेसिस नंबर, तिचे कागद चोरीच्या तशाच गाडीला लावायची. शंभरहून अधिक गाड्या तेव्हा सापडल्या. अशी गाडी विकत घेतली, तर तुम्ही नकळत चोरीचा माल घेतलेला असतो.

गाडीचे गट आपणच पाडा

सरकारी गट नाहीत म्हणून प्रत्येक गाडी पुढच्या चारपैकी कोणत्या गटात बसते, हे स्वतःशी ठरवा.

पहिला गट, वरवर ठोकलेली. बंपर, फेंडर, बॉनेट, दरवाजा, डिकी, दिवे. हे सगळे बोल्टने लागणारे भाग आहेत, बदलले की काम झालं. बिलं दाखवत असतील आणि किंमत बाजारभावापेक्षा कमी असेल तर घ्यायला हरकत नाही.

दुसरा गट, सांगाडा हललेली. चेसिसचे रेल, पुढचे ॲप्रन, पिलर, फ्लोअर, छत. इथे कापून वेल्डिंग करावं लागतं. अपघातात धक्का शोषून माणसाला वाचवण्यासाठी हे पोलाद घडवलेलं असतं. गॅरेजमध्ये तापवून ठोकून सरळ केल्यावर ते पुन्हा तसंच वागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घाटातून कुटुंब घेऊन उतरायचं असेल तर ही गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

तिसरा गट, बुडालेली. पाणी फक्त फ्लोअरपर्यंत आलं असेल आणि ताबडतोब गालिचे, सीट काढून गाडी वाळवली असेल, तर ती वाचू शकते. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर वायरिंग, कनेक्टर, एअरबॅगचं कंट्रोल युनिट, एबीएस सगळं भिजलेलं असतं. अशी गाडी आज चालते, पुढच्या पावसाळ्यात कधी काय बंद पडेल ते सांगता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बुडाली असेल, तर विचारच करू नका.

चौथा गट, कागदात गोंधळ असलेली. गाडी कशीही असो, चेसिस नंबर, इंजिन नंबर किंवा मालकाचा माग जुळत नसेल, तर तिथून उठा. आरसीवरचे नंबर आणि गाडीवरचे नंबर वेगळे निघाले तर आरटीओला नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कलम ५५ मध्येच आहे.

आधी कागद

गाडी बघायला जाण्याआधीच फोनवर नंबर मागून घ्या आणि एम-परिवहनवर टाका. मालक कितवा, पहिली नोंदणी कुठली, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे तिथे दिसतं. आपल्या भागात एमएच ०६ आणि एमएच ४६ च्या पाट्या जास्त. गाडी दूरच्या राज्यात नोंदवून लगेच इथे आणली असेल, तर ‘का’ हे विचारा. सैन्यातल्या किंवा बदलीच्या नोकरीतल्या माणसाकडे त्याचं उत्तर असतं. एजंटाकडे नसेल तर सावध व्हा. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात नव्याने कर भरावा लागतो, तोही खर्च धरा.

मग विम्याची पॉलिसी मागा. त्यात ‘नो क्लेम बोनस’चा आकडा पाहा. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, दोन वर्षं २५, तीन ३५, चार ४५ आणि पाच वर्षं ५० टक्के. विकणारा म्हणतो ‘चार वर्षांत एक ओरखडा नाही’ आणि पॉलिसीवर बोनस शून्य आहे, तर मधे क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे मालक बदलला असेल तर एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. पण प्रश्न विचारायला हा आकडा पुरेसा आहे. आयडीव्ही त्या वयाच्या गाडीच्या मानाने फारच कमी असेल तरी तेच.

सर्वांत भक्कम पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. मालकाला बरोबर घेऊन जा आणि चेसिस नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री काढायला सांगा. बॉडीशॉपचं मोठं बिल, एअरबॅग बदलल्याची नोंद, टोइंग करून आणल्याची नोंद, किलोमीटरचा मागे सरकलेला आकडा, सगळं त्यात निघतं. मालक ‘वेळ नाही’ म्हणत असेल, तर तुम्हालाही ती गाडी घेण्याची घाई नाही.

गाडी चोरीची तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर नंबर टाकून पाहता येतं. राज्याच्या ई-चलान पोर्टलवर थकलेले दंडही बघा, द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांची चलानं पुष्कळदा मालकालाच ठाऊक नसतात.

मग गाडी

गाडी दिवसा, कोरडी आणि इंजिन थंड असताना बघा. बॉनेट उघडा आणि फेंडरच्या बोल्टांकडे नीट पाहा. कारखान्यात बोल्टाच्या डोक्यावरही गाडीचाच रंग असतो. पाना लागला की कडेचा रंग तुटतो आणि आतलं लोखंड चमकतं. बोल्ट फिरलेले दिसले तर भाग काढला होता हे नक्की. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या कडांना सीलंटची एकसारखी रेघ असते. ती हाताने लावल्यासारखी जाडीभरडी दिसली, तर तिथे काम झालेलं आहे. दरवाजाचं रबर ओढून आतल्या पिलरवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे रांगेत दिसतात का बघा. एका बाजूला दिसतात आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुट्टी, तर गाडी दुसऱ्या गटातली समजा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र चांगल्या पेंटरकडे असतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. कुठे एकदम पाचशे-सातशे दाखवलं, तर खाली पुट्टी आहे.

काचांच्या कोपऱ्यातली खूण वाचा. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि एकाच सुमाराच्या असायला हव्यात. पुढची काच बदललेली असणं नेहमीचं आहे. पण एका बाजूच्या दोन्ही दरवाजांच्या काचा वेगळ्या, म्हणजे त्या बाजूने मार बसलेला.

किल्ली फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. लागतच नसेल तर अधिक वाईट, कारण कोणीतरी तो लपवला आहे. एअरबॅग एकदा उघडली की ती, तिचं कंट्रोल युनिट आणि सीट बेल्टचे टेन्शनर बदलावे लागतात. हा खर्च वाचवण्यासाठी आत काहीच न बसवता वरचं कव्हर चिकटवून विकलेल्या गाड्या बाजारात असतात. स्कॅनर लावून तपासणी करून घ्या.

बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. धुणारा माणूस वरचा हातभर पट्टा धुतो, खालचा गुंडाळलेला पट्टा तसाच राहतो. त्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ दिसली की दुसरा पुरावा नको. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, हेडलाइटच्या आत ओल, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट गंज आणि गाडीत अत्तराचा भडका, या सगळ्या एकाच गोष्टीच्या खुणा आहेत. गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमचा वास घ्या.

चेसिस नंबर कुठे कोरला आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या आणि स्वतः वाचा. १७ अक्षर-आकड्यांपैकी प्रत्येक आरसीशी जुळला पाहिजे. आजूबाजूला घासलेलं, वेल्डिंग केलेलं किंवा वेगळा रंग मारलेला दिसला तर परत फिरा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर लेझरने कोरलेला क्रमांक आणि पुढच्या काचेवरचा स्टिकरही पाहा.

शेवटची परीक्षा स्वस्त आणि फार उपयोगी आहे. कर्जतमध्ये किंवा खोपोलीत व्हील अलाइनमेंटला गाडी लावा आणि छापील रिपोर्ट मागा. सेटिंग करूनही एका चाकाचं माप कंपनीच्या मर्यादेत येत नसेल, तर सस्पेन्शन किंवा सांगाडा वाकलेला आहे. त्याआधी कर्जत-चौक रस्त्यावरच्या सरळ पट्ट्यात हलक्या हाताने स्टिअरिंग धरून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल, ब्रेक मारल्यावर तिरकी होत असेल, तर अलाइनमेंटचा रिपोर्ट काय म्हणणार याचा अंदाज तुम्हाला आलेलाच असतो.

पैसे देताना

डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते आवश्यक आहे, आणि गाडी ताब्यात घेतल्याची माहिती त्याने आरटीओला दिली की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते.

लेखी करार करा. त्यात एक वाक्य स्पष्ट लिहून घ्या: ‘ही गाडी कधीही टोटल लॉस झालेली नाही, पुरात बुडालेली नाही, चेसिसचं काम झालेलं नाही.’ काम झालं असेल तर काय झालं तेही लिहा. विकणाऱ्याची सही घ्या. खोटं निघालं तर हा कागदच तुमची बाजू मांडतो. पैसे रोख देऊ नका, बँकेतून मालकाच्याच खात्यात भरा. एजंटाच्या खात्यात नको. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आणि दुरुस्त केलेली टोटल लॉस गाडी समजून-उमजून घेत असाल, तर आधी विमा कंपनीला विचारा की तिचा संपूर्ण विमा उतरवणार का, आयडीव्ही किती धरणार. या गाडीची पुढची विक्री तुम्हालाही खरं सांगूनच करायची आहे, तेव्हा आजच किंमत तशी पाडून घ्या.

तुमचीच गाडी गेली तर

पुराचं पाणी गाडीत शिरलं, तर किल्ली लावू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ नसेल तर कंपनी तो खर्च नाकारते. पूर, वादळ, दरड यांचं नुकसान संपूर्ण विम्यात येतं, फक्त थर्ड पार्टी विम्यात येत नाही. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, बॅटरीची तार सोडा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

टोटल लॉस ठरला की सर्व्हेअरचा अहवाल आणि बोलीचा तपशील लेखी मागा. मोडीची किंमत कमी दाखवली गेली असेल आणि गाडी कंपनी नेणार असेल, तर तुमचं नुकसान नाही. पण गाडी तुम्ही ठेवणार असाल, तर मोडीची किंमत जास्त धरली जात नाही ना, हे पाहा. तीच तुमच्या रकमेतून वजा होते.

सर्वांत महत्त्वाचं: आरसी कोऱ्या सह्यांसकट कोणाच्याही हाती देऊ नका. गाडी दुरुस्त होणार नसेल तर आरटीओत जाऊन आरसी रद्द करा, किंवा २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देऊन ठेव प्रमाणपत्र घ्या. कोणी दुरुस्तीसाठी घेत असेल तर आधी त्याच्या नावावर करा, मग गाडी सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी दोन-तीन हातांतून पुढे गेली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाच्या गळ्यात येते.

फसलात तर

गाडी फसवून विकली असं लक्षात आलं, तर आधी ती कोणाला पुढे विकून मोकळं होण्याचा मोह टाळा. माहीत असून पुढे विकलीत, तर फसवणारे तुम्ही ठराल. चेसिस नंबर संशयास्पद असेल तर कर्जत, खालापूर किंवा खोपोली, जे तुमचं पोलीस ठाणं असेल तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. डीलरने दोष लपवला असेल तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं, ऑनलाइनही तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी सल्ला घ्या. करार, बँकेची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल जपून ठेवा.

ठोकलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही. नीट दुरुस्त केलेली, खरं सांगून, योग्य किमतीला विकलेली गाडी कितीतरी घरांना उपयोगी पडते. गुन्हा आहे तो लपवण्यात. म्हणून विकणाऱ्या प्रत्येकाला विनंती, गाडीचं जे झालं ते कागदावर लिहून द्या. घेणाऱ्या प्रत्येकाला विनंती, तो कागद मागितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि ज्यांच्या दारात आज टोटल लॉसची गाडी उभी आहे, त्यांनी याच आठवड्यात आरटीओत जाऊन तिच्या आरसीचं काय करायचं ते मार्गी लावा.